जेवलास का रं?

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ आहे. तुमच्या मोबाईलमधल्या चकचकीत व्हिडिओंच्या पंगतीत मला बसवू नका. माझ्यातली माणसं अंधुक दिसतात आणि चालताना मध्येच अडखळतात. पण माझ्यात एका आईचा आवाज आहे, आणि तो दुसरीकडे कुठेही नाही.

माझा जन्म राहुरीजवळच्या एका गोठ्यात झाला. भीमाबाईंचा मुलगा कानिफनाथ नोकरीसाठी परदेशी गेला होता. त्याला गाईचं वासरू दाखवायचं म्हणून नेटकॅफेवाला भागवत कॅमेरा घेऊन आला. भीमाबाई नवं लुगडं नेसून उभ्या राहिल्या आणि आवाज परदेशी पोचावा म्हणून ओरडूनच बोलल्या, "कानिफ, बघ, कपिलीला गोऱ्हा झालाय! लई गुनाचा हाय. तू जेवलास का रं?"

मग त्या थांबल्या. कॅमेऱ्याकडे बघत उत्तराची वाट पाहू लागल्या.

"काकू, ह्यातनं तिकडून उत्तर येत न्हाई," भागवत हळूच म्हणाला.

"असू दे. घास गिळून तर बोलू दे त्याला."

तेव्हा इंटरनेटवर व्हिडिओ ठेवण्याची सोय नवीनच होती. भागवतने मला एका परदेशी कंपनीच्या साईटवर चढवलं. त्यात अख्खी दुपार गेली, कारण वीज सारखी जायची. लोक तिथे गाणी शोधत, क्रिकेट शोधत. मला कोण विचारतो? मलाही एकाचीच वाट होती. "निवांत बघतो," असं कानिफने कळवलं. त्याला निवांतपणा मिळालाच नाही. पुढे मायलेक रोज फोनवर बोलू लागले आणि मी विसरला गेलो. याचं मला फार वाईट वाटलं. भागवतने कॅमेऱ्यातली मूळ प्रत पुसून तिथे कुणाचं तरी लग्न घेतलं. नेटवर चढलेलं कुठे जातंय, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटे.

यंदा भीमाबाई गेल्या. फोनवरचं बोलणं कुणीच साठवलं नव्हतं. दहाव्याच्या दिवशी, परदेशातून आलेला कानिफ भागवतला म्हणाला, "आईचा फोटो हाय, पन आवाज न्हाई रं."

भागवतला मी आठवलो. त्याने जुना मेल उघडला, तर कंपनीची सूचना येऊन पडलेली. ती साईट याच आठवड्यात बंद होणार होती आणि सगळे व्हिडिओ पुसले जाणार होते. त्याने लगेच मला उतरवून घेतलं. मी वाचलो.

मित्रांनो, तुमच्या माणसाचा आवाज असा परक्याच्या दारात ठेवला असेल, तर आजच घरी आणा. आणि निवांतपणाची वाट पाहू नका.

त्याच गोठ्यात बसून कानिफने मला पहिल्यांदा पाहिलं. "तू जेवलास का रं?" विचारून भीमाबाई थांबल्या. कानिफ पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

"घास गिळून तर बोलू दे त्याला," भीमाबाई म्हणाल्या.

सकाळपासून त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"व्हय आई," तो म्हणाला, "जेवलो."