वहीतले वीस हात

मी एक हात आहे, आणि आज मलाच बोलायचं आहे. दंडापासून बोटांपर्यंत मी पुरता हात, पण वर खांदा नाही आणि खांद्याला माणूस नाही. रबरी कातडीखाली दोन नळ्या आणि त्यांना जोडलेली लाल पाण्याची पिशवी, एवढाच माझा देह. नर्सिंगच्या मुलींनी सलाईनची सुई शिरेत घालण्याचा सराव माझ्यावर करावा, म्हणून मला साच्यातून काढलं.

भोपाळला मिसरोदच्या पुढे एक खासगी नर्सिंग कॉलेज आहे. तिथे आलो आणि पहिली चार वर्षं काचेच्या कपाटात पडून राहिलो. तपासणीचे साहेब येणार असले की मला पुसून टेबलावर मांडायचे. साहेब माझी शीर दाबून बघायचे, "बढ़िया" म्हणायचे, आणि मी परत कपाटात. मला त्याचं वाईट वाटत नसे. मुली रोज बसने रुग्णालयात जात, खऱ्या माणसांवर शिकत. रबराचं तिथे काय काम?

त्यांना शिकवायच्या शोभा वैरागडे मॅडम. त्यांचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. मॅडमनी बावीस वर्षं वॉर्डात काढली होती, मग त्या शिकवायला आल्या. आवाज चढा, बोलणं निम्मं हिंदी, आणि एखादी मुलगी चुकली की सुई तिच्या हातातून काढून घ्यायच्या नाहीत. शेजारी उभ्या राहायच्या.

मग साथ आली. दोन दिवसांत होस्टेल रिकामं झालं. रुग्णालयाने कळवलं, विद्यार्थिनी नकोत. वर्ग फोनवर भरू लागले. मॅडम डाळीच्या डब्याला फोन टेकवून घरातल्या लोडावर पट्ट्या बांधून दाखवायच्या. एका मुलीचा फोन भाऊ दुकानात घेऊन जायचा, तिला ते संध्याकाळी कळायचं. पण सुई कशी शिकवणार? ती बघून येत नाही.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. "सर, कपाटातला हात द्या. शहरात आपल्या सहा मुली आहेत. आळीपाळीने एकेकीच्या घरी ठेवते."

"टूट गया तो?"

"कपाटात राहून तरी कोणाला शिकवतोय, सर?"

प्राचार्यांनी जरा विचार केला. "ठीक है. मगर फोटो ज़रूर लीजिएगा."

असा मी स्कूटरवरून भोपाळ फिरलो. मला घातलेली कापडी पिशवी आखूड, त्यामुळे माझी बोटं बाहेर. एका नाक्यावर पोलिसाने काठी आडवी घातली आणि बोटं बघून दोन पावलं मागेच सरला. "मैडम, ये क्या है?" मॅडमनी मला बाहेर काढून त्याच्या हातात दिलं. त्या दिवसांत कोणी कोणाचा हात धरत नव्हतं. त्याने माझा धरला, हसला आणि जाऊ दिलं.

गोविंदपुऱ्यात अबोली दांडेकरच्या घरी मी पाच दिवस होतो. अबोली शेवटच्या वर्षाला होती; सलाईन त्याच वर्षी शिकवतात. तिचे बाबा, विनायकराव, एका छोट्या कारखान्यात लेथ मशीन चालवायचे. कारखाना बंद होता. आईने लाल पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून सतरंजीवर वर्तमानपत्रं पसरली. पहिल्या दिवशी अबोलीने मला अकरा वेळा टोचलं आणि अकराही वेळा शीर चुकली. चौथ्या दिवशी मात्र सुई घातली की लाल थेंब दिसायचाच. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

विनायकरावांनी बाही वर केली. "रबराला किती दिवस टोचणार? माझ्या हातावर कर."

फोनच्या पडद्यावरून मॅडम ओरडल्या, "अजिबात नाही, विनायकराव! शेजारी जाणतं माणूस नसताना जिवंत हाताला सुई लावायची नाही."

"मग पोरगी शिकणार कधी, मॅडम?"

"वॉर्ड उघडले की. मी स्वतः उभी राहीन तिच्याजवळ."

अबोली शिकली ते फक्त माझ्यापुरतं. माझी शीर जागची हलत नाही. मला ताप चढत नाही, घाम येत नाही, मी हात मागे ओढत नाही. मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्या वॉर्ड उघडायची वाट बघत होत्या.

वॉर्ड उघडले नाहीत, परीक्षा मात्र जवळ आली. परीक्षेला बसायचं तर प्रत्येकीची प्रॅक्टिकलची वही भरलेली हवी: रुग्णाला सलाईन लावणे, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, वीस वेळा. अठ्ठावीस वह्यांचा गठ्ठा माझ्या शेजारी टेबलावर आला. मागोमाग प्राचार्य आले.

"बीस-बीस लिख दीजिए, मैडम."

"सर, एकीनेही रुग्णाला सलाईन लावलेली नाही. सहा जणींनी रबरी हातावर केलं, तेवढं लिहिते."

"उसका कॉलम कहाँ है?"

खरंच नव्हता तसा रकाना.

"तो फिर अट्ठाईस लड़कियों को एक साल बिठा दीजिए. घरवालों को आप समझाइए."

ते गेले. मॅडम बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसल्या. दोन मुलींची लग्नं परीक्षेवर अडली होती. एकीला घरचे पुन्हा शिकायला पाठवणार नव्हते. हे सगळं त्यांना माहीत होतं. त्यांनी पहिली वही ओढली आणि वीस लिहिलं. मग दुसरी. माझ्या देखत अठ्ठावीस सह्या झाल्या. बावीस वर्षांत ज्या बाईने न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिलं नाही, तिच्या त्या सह्या.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, परीक्षा पुढे ढकलली आणि गंमत बघा, ज्या मुली वर्षभर कोणाला नको होत्या त्या एका दिवसात सगळ्यांना हव्या झाल्या. अबोली शहरातल्या एका रुग्णालयात कोविड वॉर्डात गेली.

ती कॉलेजात आली जूनमध्ये. दुपार होती. मॅडम माझी फाटलेली कातडी चिकटवत होत्या. अबोली वाळली होती, डोळ्यांखाली काळं. तिने पिशवीतून वही काढून मॅडमसमोर ठेवली.

"मॅडम, तुम्ही यात वीस लिहिलंत."

"हो."

"तिथल्या शिल्पा सिस्टरने पहिल्या दिवशी वही बघितली. तिच्याकडे चाळीस खाटा होत्या. वही बघून म्हणाली, वीस केलेत ना, मग तू एकटीने कर."

मॅडमचा हात माझ्यावरच थांबला.

"सुमित्रा तिवारी म्हणून एक बाई होत्या. रिटायर्ड टीचर. त्यांची सलाईन निघाली, बीपी खाली जात होतं. चष्म्यावर वाफ, हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज. मी शीर धरायचे आणि ती पळायची. सहा वेळा टोचलं, मॅडम. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, 'हो गया, बेटा?' मी म्हणायचे, 'बस, हो गया.' शेवटी सिस्टरला धावत बोलावलं. तिने एका झटक्यात लावली. पण अर्धा तास गेला होता. संध्याकाळी त्या गेल्या."

"त्या तशाही…" मॅडम म्हणू लागल्या.

"माहीत नाही मला. डॉक्टर काही बोलले नाहीत. सिस्टरही नाही. मला कोणीतरी सांगा ना, गेल्याच असत्या की नाही ते."

"तुमचं वर्ष वाचावं म्हणून केलं मी, अबोली."

अबोलीने वही उघडून वीसवर बोट ठेवलं.

मॅडम उठल्या. कपाटातून नवी सुई, पट्टी, स्पिरिट आणलं. मला बाजूला सरकवून माझ्या जागी त्यांनी आपला हात ठेवला. "लाव."

"आता काय उपयोग?"

"लाव म्हणते ना. मी आहे इथे."

अबोलीने पट्टी बांधून स्पिरिट लावलं. पहिल्यांदा शीर निसटली. मॅडमच्या कपाळावर आठी पडली, पण हात हलला नाही. "घाई नको. खालून कातडी ताण. हां. आता सुई आडवी धर." दुसऱ्या वेळी सुईच्या मागे लाल रक्त आलं. माझ्यातलं नव्हे, खरं.

अबोलीने कापूस दाबून धरला आणि रडली नाही. वही पुढे सरकवून म्हणाली, "एक. एक लिहा, मॅडम."

मॅडमनी वीसवर रेघ मारली, शेजारी एक लिहिलं आणि तारीख घालून सही केली.

आठवड्याने ती वही प्राचार्यांच्या हाती पडली. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. दार बंद होतं. मॅडम बाहेर आल्या, आपला डबा आणि छत्री घेतली आणि गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. अबोलीच्या नावाने कोरी वही आणली, त्यात कोणीतरी वीस लिहिलं, आणि तिला पास केलं. वर कोरोना योद्धा म्हणून चकचकीत कागदही दिला. तो न्यायला ती आली नाही. ती आता एका दाताच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसते, असं मुली बोलताना ऐकलं. सुई तिने परत धरली नाही.

आणि मी? मी नामांकित झालोय. विनायकरावांच्या सतरंजीवरचा माझा फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात आहे, खाली 'महामारीतला अभिनव प्रयोग'. फोटोत अबोली दिसते. फोनच्या पडद्यावरच्या मॅडम कापून टाकल्या आहेत.

आता साथ नाही. बस पुन्हा रुग्णालयात जाते. पण रुग्णालयात गर्दी, शिकवणाऱ्या कमी, आणि मी आहेच की. गेल्या सोमवारी एक मुलगी आली, मला एकदा टोचलं, सगळीकडून गळतोय म्हणून नाक मुरडलं आणि वहीत पाच लिहिलं. नव्या मॅडमनी वर न बघता सही केली.

मला तिचा राग आला नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की हा आकडा उद्या एखाद्या आजारी माणसाला लागतो.

तुम्हाला एकच मागणं आहे. कधी आजारी पडलात आणि अशी एखादी पोर सुई घेऊन तुमच्या खाटेशी आली, तर तिला हळूच विचारा, "बाळ, खऱ्या माणसाला किती वेळा लावलीस?" ती खाली बघून "एकदाही नाही" म्हणाली, तर तिच्यावर ओरडू नका. खरं बोलली ती. जाणत्या सिस्टरला हाक मारा, ती येईपर्यंत थांबा, आणि सिस्टर शेजारी उभी राहिली की हात त्या पोरीच्याच पुढे करा.