जुनी गोळी

"वस्तरा खाली ठेव आधी," दादा आरशात बघूनच म्हणाला. मागे वळायची तसदीही त्याने घेतली नाही.

धाकट्याच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागलेला होता. त्याने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे, आणि हळूच मान आखडून घेतली.

"का पण? हात थरथरतोय का माझा?"

"उलट बोलायला लागलास ना, म्हणजे तुझं पुन्हा सुरू झालं."

धाकट्याने वस्तरा मिटला. अर्धवट राहिलेली दाढी दादाने पुरी केली.

सलून वडिलांचं. दोन खुर्च्या, दोन भाऊ. विशीतच धाकट्याला भिंतीतून आवाज यायला लागले. कुणीतरी त्याचं नाव घेऊन शिव्या द्यायचं. एकदा तो गिऱ्हाईक तसंच टाकून रस्त्यावर पळाला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला आणि ओलान्झापिन सुरू केलं. त्या गोळीने आवाज थांबले, हे धाकटाही नाकारत नव्हता. पण त्यांच्याबरोबर तोही थांबला. डोळ्यांवर कायम झापड, भूक भागता भागेना, अंग सुटत गेलं. केर काढायचा, टॉवेल धुवायचे, कुणी काहीही बोललं तरी ऐकून घ्यायचं. दादाच्या मते तो बरा झाला होता.

मग रक्तातली साखर वाढली. नव्या डॉक्टरीणबाईंनी जुनी गोळी हळूहळू उतरवत अ‍ॅरिपिप्रॅझोल ही नवी गोळी सुरू केली. वजन उतरलं, डोकं जागं झालं. पायांत मात्र अशी वळवळ सुटली की एका जागी बसवेना.

"या धंद्यात बसायचं असतंच कुणाला?" असं म्हणून तो घरी मोठ्याने हसला, तेव्हा वहिनीने दचकून दादाकडे पाहिलं.

"हसलो तरी आजार, चिडलो तरी आजार," धाकटा म्हणाला. "मी करू तरी काय, वहिनी?"

"पूर्वीसारखे गप्प राहा, भावोजी," ती म्हणाली. "तेच बरं होतं."

वस्तरा काढून घेतला त्यानंतर काही दिवसांतच धाकट्याची सकाळ उगवेनाशी झाली. जीभ जड, पाय ओढत चाललेले. सलूनमध्ये भिंतीला टेकल्या टेकल्या त्याचा डोळा लागायचा. "बघा, आता कसा शांत आहे," दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. धाकट्याच्या खुर्चीवर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग येऊन पडला.

हा जडपणा धाकट्याच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं तो त्याने अंगावर वागवला होता.

एका संध्याकाळी पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला. वहिनी वाटीच्या बुडाने गोळी चुरत होती. शेजारी त्याच्या दुधाचा पेला. दादाच्या हातात गोळ्यांची पट्टी, त्या जुन्या गोळीचीच.

"हे काय चाललंय?"

"औषधच आहे. विष नाही," दादा म्हणाला.

"मला न सांगता?"

"तुला सांगून कधी काही झालंय? तू पेंगत असलास की घराला जरा उसंत मिळते. आरडाओरडा नाही, तोंडाला तोंड नाही."

धाकट्याने पेला मोरीत ओतला. दादाने त्याचा दंड धरला. दोघेही तसेच उभे राहिले, आणि पहिल्यांदाच दादाला तो हात सोडून द्यावा लागला.

दवाखान्यात हे ऐकून डॉक्टरीणबाई दादावर संतापल्या. "अमकी गोळी चांगली आणि तमकी वाईट, असं नसतं. जुनीने यांचे आवाज थांबले, पण साखर चढली. नवीने पाय अस्वस्थ झालेत, त्यावर इलाज आहे. पण चोरून दोन्ही पोटात घालायच्या, हा कुठला न्याय?"

"रात्रंदिवस त्याच्यासोबत कोण राहतं? तुम्ही?" दादाने विचारलं. "रस्त्यावर पळाला तेव्हा मागून मी धावलो होतो."

 बाई धाकट्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "आवाज परत आले तर मी स्वतः येऊन सांगेन. जुनी गोळी मागून घेईन. पण तोवर मला राग आला, तर येऊ द्या."

बाईंनी नव्या गोळीचा डोस थोडा उतरवला आणि जुनी बंद केली. घरी परतल्यावर दारातच दादा म्हणाला, "गिऱ्हाईक पळालं तर तुझ्या डोक्यावर. आणि माझ्या खुर्चीपाशी फिरकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने टॉवेल उचलून फळीवर लावले, खुर्ची पुसली, आरसा पुसला, वस्तऱ्याला नवं पातं घातलं. बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती. दादा मुद्दाम सावकाश हात चालवत होता.

"या," धाकटा पहिल्या माणसाला म्हणाला.

"नको, मी दादांकडेच..." त्या माणसाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"बरं."

त्याने अंगावर घालायचं कापड झटकलं, नीट घडी करून हातावर घेतलं आणि बाकावरच्या पुढच्या माणसाकडे पाहिलं.

"या," तो म्हणाला.