बाकीचे विभाग

धाकटीने रुमालाने दादाची हनुवटी पुसली आणि लॅपटॉप त्याच्या डाव्या हाताकडे सरकवला. तो त्याला दिसावा म्हणून नव्हे. टेबल एकच होतं, आणि भरवायला तिला त्याच्या उजव्या बाजूला बसणं सोयीचं पडायचं.

भावाबहिणीची छोटी कंपनी विकली जात होती. दवाखाने आणि रक्तपेढ्यांच्या नोंदी सांभाळणारी सगळी व्यवस्था दादाने उभी केलेली. हिशेब आणि गिऱ्हाइकं धाकटीकडे. व्यवस्था क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या यंत्रांवर चालायची, आणि त्या यंत्रांभोवती दादाने खासगी नेटवर्कची कुंपणं घातली होती. विकत घेणाऱ्यांना त्या कुंपणांची यादी हवी होती. यादीत असेल ते त्यांच्याकडे जाणार, नसेल ते क्लाउडच्या खात्याबरोबर आज संध्याकाळी बंद होणार.

विकत घेणाऱ्यांच्या इंजिनियरने एक एआय एजंट जोडून दिला होता. खात्यात डोकावायचं टूल त्याच्या हाती होतं. आपण फक्त साध्या भाषेत विचारायचं. मॅडम, तुमच्या दादांनी गादीखाली काही दडवलं नसेल तर चहा निवायच्या आत होईल, असं इंजिनियर सकाळी फोनवर म्हणाला होता. धाकटी हसली होती. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायची तिला सवय होती.

खात्यातली सगळी खासगी नेटवर्क दाखव, असं तिने टाइप केलं. पाच ओळी आल्या. तिने त्या मोठ्याने वाचल्या. एकटी असली तरी ती मोठ्यानेच वाचायची.

"पाच. बरोबर ना, दादा?"

"हो," दादा म्हणाला.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच्याकडे हा एकच शब्द उरला होता. पाणी हवं का, हो. नको का, हो. धाकटीचा नवरा त्याला होयबा म्हणायचा, त्याच्या तोंडावर, आणि त्यात दुष्टपणा नव्हता. सगळंच त्याच्या तोंडावर बोललं जायचं. शुश्रूषागृहातल्या कोणत्या खोलीत त्याला ठेवायचं, इथला पलंग कुणाला द्यायचा, किती महिन्यांनी भेटायला गेलं तरी चालेल. उद्या सकाळी तिथली गाडी यायची होती. त्याला काही कळत नाही, हे वाक्य धाकटीने इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता ते घराच्या पत्त्यासारखं विचार न करता तोंडातून निघायचं. ते खरं होतं म्हणूनच गाडी बोलावता आली होती.

दादाने डावा हात उचलला आणि बोट पडद्यावर टेकवलं. काचेवर सुपाचा डाग उमटला. तिने तो पुसला. त्याने पुन्हा तिथेच बोट ठेवलं.

"दादा, नको ना."

तिने लॅपटॉप लांब सारला. दादा सगळं अंग रेटून पुढे झुकला, मनगटाने लॅपटॉप जवळ ओढला. खुर्ची करकरली. बोट पुन्हा त्याच जागी. रुमाल घेऊन ती तिसऱ्यांदा वाकली, तेव्हा बोटाखाली काय आहे ते तिने वाचलं. पाच ओळींपैकी ती एकही नव्हती. त्यांच्या वर बारीक अक्षरात विभागाचं नाव होतं. जगभर जिथे जिथे ही भाड्याची यंत्रं असतात, त्यातला सगळ्यात जवळचा विभाग.

रुमाल तिच्या हातात तसाच राहिला. मग तिने एजंटला विचारलं, हे फक्त याच विभागातलं आहे का?

होय, एजंटने लिहिलं. तुम्ही विभाग सांगितला नव्हता, म्हणून खात्याला नेमून दिलेल्या विभागातच पाहिलं. बाकीचे विभाग पाहू का?

तिने हो लिहिलं. सहावं नेटवर्क समुद्रापलीकडच्या विभागात निघालं. रक्तपेढ्यांच्या नोंदींची दुसरी प्रत रोज तिथे उतरत होती. धाकटीला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"हे?"

"हो," दादा म्हणाला. त्याने हात मांडीवर घेतला, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. पूर्वी काम हातावेगळं झालं की तो असाच बसायचा.

तिने इंजिनियरला फोन लावला. तो जरा ओशाळला. पाच बघून आपणही पुढे गेलो असतो म्हणाला. मग तुम्हाला कसं सुचलं, असं विचारलं.

"दादाने दाखवलं."

"पण त्यांना तर काही कळत नाही म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते," ती म्हणाली आणि यादी पाठवते असं सांगून तिने फोन ठेवला.

यादी पाठवली. उरलेलं सूप गरम केलं आणि एकेक चमचा भरवलं. ते संपल्यावर वाटी विसळली, पालथी घातली, आणि पालथी घातलेली वाटी पुन्हा एकदा विसळली. आतल्या खोलीत दादाची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तिच्या बाजूने ती दोनदा गेली.

नवऱ्याचा फोन आला. इतके दिवस ती हे फोन टेबलाशी बसूनच घ्यायची. आज उठून गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं. गाडी वेळेवर येतेय, नवरा सांगत होता, खाली उतरवायला दोन माणसं लागतील, शेजाऱ्याला विचारून ठेवलंय. मग त्याने विचारलं, "आवाज का गं बारीक तुझा?"

"दादा ऐकतोय."

"तो?" नवरा हसला. "होयबाला काय कळतंय?"

काचेच्या दारातून दादा दिसत होता. डोळे उघडे, तोंड गॅलरीकडे. धाकटी आत आली. खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली, फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"बोल आता," ती म्हणाली. "उद्याचं काय ते दादाला सांग."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"दादा," नवरा म्हणाला. "काय, बरं आहे ना?"

"हो," दादा म्हणाला.