बांगडीखालचं कातडं

मंजुश्रीची गाडी राजेश्वरच्या शिवारात थांबली, तवा हरभरा काढत बसलेल्या बारा-पंधरा बायांपैकी एकीनंबी मान वर केली न्हाई. केली ती फकस्त नागूबाईनं, अन् थुकली.

"आली गं, कातडं मोजनारी."

मंजुश्री जवळच्याच चिटगुप्प्याची. शिकून बंगळूरला मोठी शास्त्रज्ञ झाली. तीस वर्सं एकाच गोष्टीच्या मागं. मानसाचं कातडं म्हातारं कामून व्हतंय, अन् त्यात उन्हाचा वाटा किती. बारा वर्सांखाली हितल्याच चाळीस बायांचे हात मोजून गेली व्हती. पेनाएवढं मशिन. कातडं जरा वर वढतंय, सोडतंय, अन् किती बेगीनं जागेवर बसलं ते सांगतंय. एकाच हातावर दोन जागा धरल्या. कोपराजवळची उघडी, ती उन्हातली. बांगड्यांच्या चुड्याखालची, ती सावलीतली. आता तेच हात फिरून मोजायचे व्हते. आठ महिन्यांनी बाई रिटायर व्हनार. आता न्हाई झालं तर बारा वर्सांचं काम अर्धंच कपाटात जायचं. अन् ह्या मजूर बायांची टोळी कलाबाईची. तिच्या शब्दाबाहेर एकबी बाई न्हाई.

"कलाक्का, वळखलीस का?"

"न वळखायला काय झालं? माजा फोटू बिदरच्या दवाखान्यात टांगलाय. खाली लिवलंय, वय पंचेचाळीस, दिसतंय सत्तर. सून बघून आली. चार दिवस हासायलती."

बारा वर्सांखालचा तो फोटू मंजुश्रीनंच काढलता. एका डाक्टरनं मागितला, हिनं इचार न करता दिला.

"चुकलं माजं. उतरवून आनते. पर हात मोजू दे, अक्का. एकडाव."

कलाबाई उठली. पदर सारला, हात म्होरं केला.

"मोज. कुठं मोजतीस?"

मंजुश्री मनगटाकडं वाकली. चुडाच न्हवता. मालक जाऊन सात वर्सं झालती. सावलीतली जागा बाकीच्या हातासारखीच भाजून काळी, सुरकुतलेली. तिनं रांगेत नजर फिरवली. निलम्माचं मनगट उघडं. आनखी तिघींचं. कागदावर ह्याला रकानाच न्हवता. ह्याच मुलखातली बाई, सोताच्या आईच्या बांगड्या फुटताना बघितलेली, अन् तिच्या डोक्यात हे आलंच न्हाई.

मग दुसरंच आलं. सावली गेल्यावर कातडं किती वर्सांत थकतंय? हे तर तिनं कवाच मोजलं न्हवतं! तिचे डोळे चमकले. कलाबाईनं ते टिपलं, अन् हात मागं घेतला.

"बघ गं निलम्मा. मालक मेलेला बघून कशी खूश झाली."

"तसं न्हाई, अक्का..."

"अक्का म्हनू नगं. तू माज्यापरीस दोन वर्सानं थोरली." कलाबाईनं तिचं मनगट धरून घड्याळ सरकवलं. खाली पांढराफेक पट्टा. "बघा गं, हिचीबी सावली! काढ हे. उद्या सातला इळा घेऊन ये. हे माज्यावानी झालं की लाव मशिन."

"सात वर्सं लागतील त्याला!"

"मला लागली न्हवं का?"

दुसऱ्या दिशी मंजुश्री आली, पर आठ वाजून गेलते.

"कामून उशीर?"

"घड्याळ काढून ठिवलंय."

"मग सूर्य दिसत न्हाई व्हय? जलमभर त्याच्यावरच शिकलीस न्हवं?"

बाया फसकन हासल्या. मंजुश्री खाली बसली. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबीनं बोटं चुरचुरली, दुपारपतोर कंबर मोडली. कुनी पानी इचारलं न्हाई. तरी ती तिसऱ्या दिशी आली, चवथ्या दिशी आली. मधीच बिदरला जाऊन फोटू उतरवून आनला. कलाबाईनं तो बघितलाबी न्हाई, च्याच्या चुलीत घातला.

अठराव्या दिशी, भाकरीच्या वक्ताला, कलाबाईनं तिचं मनगट वढून उन्हात धरलं. पांढऱ्याचं गव्हाळ झालतं, तेवढंच.

"कच्चंच हाय अजून."

अन् सोताचा हात तिच्या मांडीवर टाकला, सरपन टाकल्यागत.

"घे, मोज. तुजं पिकंस्तोवर मी मरंन. अन् लिव त्यात. मालक कवा गेला, बांगड्या कवा फुटल्या, समदं लिव. फोटू काढलास, तर इळा हाय माज्याकडं."