काटा खाली आला

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कुणी पाठीवर पाय दिला तरच माझी आठवण होते, म्हणून थोडं कडू बोललो तर रागावू नका.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली आणि काचेखाली लाल काटा लावला. एका शिंप्याने मला घरी आणलं. त्याची मुलगी लहान होती तोवर माझी चैन होती. तिचं वजन जरा वाढलं की घर खूश व्हायचं. ती लग्न होऊन गेली आणि मी पलंगाखाली धूळ खात पडलो.

मग शिंप्याची बहीण आपल्या वहिनीसाठी जांभळ्या फळांच्या अर्काची बाटली घेऊन आली. त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात, त्याने चरबी लोण्यासारखी वितळते, असं ती छातीठोकपणे सांगत होती. वहिनीला मधुमेह होता, रोजची गोळी चालू होती.

"फळांचं औषध मिळतंय, तर त्या गोळ्या कशाला पोटात ढकलतेस?" नणंद म्हणाली.

वहिनीने गोळ्या बंद केल्या. मला पुसूनबिसून बाहेर काढलं. दर आठवड्याला ती माझ्यावर उभी राहायची आणि काटा थोडा आणखी खाली यायचा. कौतुकाला ऊत आला, तेही सगळं बाटलीचं. शिंप्याचे तर पाय जमिनीवर नव्हते. ब्लाउज सैल झाला की गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून तो बायकोच्या बाह्या आत घ्यायचा. कंबर जवळजवळ होती तेवढीच होती. सैल पडत होत्या त्या बाह्या आणि खांदे. जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्या त्या माणसाला हे दिसत होतं, पण आनंदाच्या भरात त्याने त्याचा विचारच केला नाही.

वहिनीला सारखी तहान लागायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावता लावता ती भिंतीला टेकून बसायची. चरबी जळतेय, मग तहान लागणारच, असं नणंदेने समजावलं आणि सगळ्यांना ते पटलं.

मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. पण मला फक्त आकडा दाखवता येतो. चरबी गेली की माणूस झिजला, ते मला कळत नाही. ते विचारायला घरात माणसं होती ना?

एके दिवशी ती माझ्यावर चढली आणि तिथेच कोसळली. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर वाढून अंग झिजलं; फळं चांगलीच असतात, अर्काचा चरबीवर काही उपयोग होतो का याचा अभ्यासही चालू आहे, पण म्हणून कुणी मधुमेहाची गोळी सोडतं का? वहिनी घरी परत आली नाही.

भेटायला आलेल्यांपुढे नणंद डोळे पुसत होती.

"शेवटी शेवटी किती छान बारीक झाली होती गं."

शिंपी बायकोचा ब्लाउज मांडीवर घेऊन बाही उसवत बसला होता.

"मीच आत घेतल्या बाह्या," तो म्हणाला.

निघताना नणंदेने अर्धी उरलेली बाटली पिशवीत टाकली. फुकट कशाला घालवायची, जावेला देते म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही. मला मात्र जिन्याखाली फेकलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा काटा खाली आला, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. आधी त्या माणसाजवळ बसा. दम लागतो का, तहान लागते का, गोळी घेतलीस का, एवढं विचारा. माझ्याकडे नंतर बघा.