ग्रहणाच्या दिवशीची फिरती

ऑफिसात तिला सगळे मिलिग्रॅम म्हणत. एक कारण तिचा बांधा. दुसरं कारण असं की, रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेलं एक किलोचं पितळी वजन उचलून नेलं, आतल्या खोलीतल्या नाजूक तराजूत घातलं, आणि ते चाळीस मिलिग्रॅम कमी भरतं असं साहेबांना लेखी कळवलं. साहेबांनी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि उडू नये म्हणून त्यावर तेच वजन ठेवलं.

ऑफिस वजनमाप खात्याचं. जिल्ह्यातल्या दुकानांचे तराजू, पेट्रोल पंपांची मापं, ट्रक तोलायचे मोठे वजनकाटे, सगळं तपासून शिक्का मारायचं काम. पंधरा माणसं, एक जीप. काम बऱ्यापैकी चालायचं. मग राज्यात श्रद्धास्वातंत्र्याचा कायदा आला.

त्या कायद्यावरून तीन महिने नुसता धुरळा उडाला. सरकार म्हणालं, कर्मचारी झाला म्हणून माणूस काही आपला आत्मा गेटवर जमा करून आत येत नाही. जे काम श्रद्धेच्या आड येईल ते नाकारायचा हक्क त्याला हवा. विरोधक म्हणाले, मग फायली काय देव हलवणार? पुढे निवडणूक जवळ आली आणि विरोधकांना साक्षात्कार झाला की सवलत फारच अपुरी आहे. रेडिओवर रोज संध्याकाळी चार जण एकाच वेळी बोलू लागले. अखेर एका म्हाताऱ्या आमदाराने सभागृहात विचारलं, "सगळं ठीक, पण श्रद्धा म्हणजे नक्की काय ते कुठं लिहिलंय?" तेव्हा शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी, व्याख्येचं एक कलम घुसवण्यात आलं. सगळ्यांना भूक लागली होती. कलम एकमताने मंजूर झालं, आणि ते कोणी वाचलं नाही.

ऑफिसात 'नमुना सात' नावाचा अर्ज आला. धर्म किंवा पंथ कोणता, कोणतं काम श्रद्धेच्या आड येतं, खाली सही. थोरल्या निरीक्षकांनी, ज्यांना मिशांमुळे मेजर म्हणत, खाटकांचे तराजू तपासणं नाकारलं. दर रविवारी ते त्याच खाटकांकडून दीड किलो घ्यायचे, पण ते खाजगीत. हेडक्लार्कबाईंनी दारूच्या दुकानांची कागदपत्रं हाताळणं सोडलं. कोणी मंगळवारी दुपारी काम करेना, कोणी चामड्याच्या पट्ट्याचे तराजू शिवेना.

अर्ज न भरणारे दोघेच निघाले. एक ड्रायव्हरकाका. जीप सुरू करण्याआधी रोज हात जोडून पुटपुटणारा सबंध ऑफिसातला हा एकच माणूस. "काका, तुमचा अर्ज?" हेडक्लार्कबाईंनी विचारलं.

"माझं देवाशी काय आहे ते त्याला माहीत आहे," काका म्हणाले. "सरकारला कशाला मधे घालू? ते माझी बदली नीट करत नाहीत."

दुसरी मिलिग्रॅम. माहिती म्हणून प्रत्येकाने भरायच्या तक्त्यात तिने धर्माच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. सरकारी भाषेत निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. पण त्या एका शब्दापायी सगळे खाटीक, सगळे दारूवाले, सगळ्या मंगळवारच्या दुपारी आणि सगळे चामडी पट्टे तिच्या गळ्यात पडले.

तिने कुरकुर केली नाही. खाटीकही माणसंच, शिवाय त्यांचे तराजू सोनारांपेक्षा बरे निघाले. पण मग ग्रहण आलं.

खग्रास सूर्यग्रहण. शहरात नव्व्याण्णव टक्के, आणि शहरापासून बेचाळीस किलोमीटर दक्षिणेला पूर्ण शंभर. दुपारी एक वाजून सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद ते एकोणीस मिनिटं त्रेपन्न सेकंद.

"नव्व्याण्णव काही वाईट नाहीत," शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या.

"परीक्षेत नाहीत," तिचे बाबा म्हणाले. "इथे मात्र उरलेला एक टक्का सूर्य सगळा खेळ बिघडवतो. नव्व्याण्णव टक्के ग्रहण म्हणजे नाटकाच्या थिएटरबाहेर स्कूटर लावून परत येणं."

बाबा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. वय एकाहत्तर, वजन अठ्ठावन्न, जीभ वयापेक्षा बरीच तरुण. एकोणतीस वर्षांपूर्वी ते दूरच्या एका शाळेत होते आणि त्या गावावरून खग्रास ग्रहण गेलं होतं. परिपत्रक आलं: मुलांना वर्गात बसवावे, खिडक्यांना कागद लावावेत. बाबांनी स्वतः खळ केली, स्वतः कागद चिकटवले, आणि त्रेचाळीस मुलांसमोर खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. अडीच मिनिटं. खिशात वेळांचा तक्ता होता.

"एक कोपरा तरी फाडायचा ना, बाबा."

"नोकरी होती. आणि तू दीड वर्षाची होतीस, दूध प्यायचीस ढोसून." ते हसले, पण वेल्डिंगची चौदा नंबरची काळी काच त्यांनी तेव्हापासून कपाटात जपून ठेवली होती, आणि गेला महिनाभर ती रोज पुसत होते.

तिने एक दिवसाची साधी रजा मागितली. साहेबांनी नामंजूर केली.

"बाकी तेराही जणांनी नमुना सात दिलाय," ते म्हणाले. "ग्रहणात उघड्यावर जाणं श्रद्धेच्या आड येतं म्हणे. कोणीतरी नको का बाहेरच्या कामाला?"

"सर, ज्यांना ग्रहण बघायचं नाही त्या सगळ्यांना ग्रहणाची सुट्टी, आणि जिला बघायचंय तिला काम?"

"मी कायदा केला नाही," साहेब म्हणाले. "माझ्या आईने मलाही सांगितलंय, दारं लावून बस म्हणून." त्यांचाही नमुना सात होता तर.

मेजर बाहेर तिची वाट बघत होते. "मिलिग्रॅम, वेडी आहेस का? टाक नमुना सात. लिही सूर्यपूजक! सूर्याच्या दर्शनाला जायचंय म्हणावं. समिती काय तुझ्या पोटात शिरून बघणार आहे?"

"पण मी पूजक नाही."

"मी तरी कुठे काय आहे!" मेजर म्हणाले, आणि इकडेतिकडे बघून मिशांवरून हात फिरवला.

तिने अर्ज टाकला. धर्माच्या रकान्यात पुन्हा निरंकच लिहिलं आणि खाली जोडलं: 'सदर घटना प्रत्यक्ष पाहणे हे अर्जदाराच्या सदसद्विवेकानुसार आवश्यक आहे.'

श्रद्धा पडताळणी समितीत तिघं होते. मधे साहेब, एका बाजूला खात्याच्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला राजधानीहून आलेले उपसचिव. त्यांच्यापुढे प्रश्नांची छापील यादी होती आणि बिस्किटांची रिकामी बशी.

"ही धारणा कधीपासून?" उपसचिवांनी यादीवरून वाचलं.

"आठव्या वर्षापासून. वडिलांनी टॉर्च आणि दोन चेंडू घेऊन दाखवलं तेव्हापासून."

"धारणेसाठी काही त्रास सोसलात?"

"एम.एस्सी. केलं."

वकीलबाईंना खोकला आला. "आधारग्रंथ?" त्यांनी विचारलं.

तिने वेळांचा तक्ता पुढे केला. उपसचिवांनी चष्मा कपाळावर चढवला. "यात लिहिलंय तसंच होणार, अशी तुमची खात्री आहे?"

"एक सतरा बेचाळीसला. सेकंदभर इकडेतिकडे होईल, कारण चंद्राची कड खडबडीत आहे."

"आणि नाही झालं तर?"

"तर माझं चुकलं असं लिहून देईन. माझंच काय, बऱ्याच लोकांचं चुकलेलं असेल."

उपसचिव मागे रेलले. "बाई, आज सकाळपासून मी अकरा अर्ज ऐकले. वेळ सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. सेकंद तर सोडाच." मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि कायद्याचं पुस्तक उघडलं, बहुतेक त्या पुस्तकाच्या आयुष्यात पहिल्यांदाच. "कलम दोन, पोटकलम ब. 'श्रद्धा म्हणजे पुराव्याची अपेक्षा न ठेवता बाळगलेली धारणा.' तर एकच प्रश्न. तुमच्या या धारणेला पुरावा आहे का?"

 साहेबांनी तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी जराशी, डावीकडून उजवीकडे. नाही म्हण, बये. एक शब्द, आणि रजा मंजूर.

तिला कपाटातली काळी काच दिसली. खळ लागलेले हात दिसले. मग तिला तो चाळीस मिलिग्रॅम कमी असलेला किलो दिसला. खोटं वजन बरोबर आहे असा शिक्का तिने आजवर कधी मारला नव्हता, आणि आता सुरुवात चंद्रापासून करायची म्हणजे फारच झालं.

"भरपूर आहे," ती म्हणाली.

अर्ज फेटाळला गेला. कारण: 'अर्जदाराकडे पुरावा असल्याने श्रद्धा सिद्ध होत नाही.'

ती घरी आली तेव्हा बाबा काच पुसत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी कारण दोनदा वाचायला लावलं आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग काच कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. "जाऊ दे गं," ते म्हणाले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"तुम्ही बसने जा ना, बाबा."

"एकट्याने काय बघायचं? उजेड गेला की कोणाच्या हाताला धरू?"

दुसऱ्या दिवशी टेबलावर आदेश आला. 'ग्रहणाच्या दिवशी जिल्ह्यातील संपूर्ण बाह्यकामाची जबाबदारी कनिष्ठ निरीक्षक (निरंक) यांचेकडे राहील. फिरतीचा कार्यक्रम त्यांनी सादर करावा.'

तिने आदेश वाचला. मग पुन्हा वाचला, पण या वेळी निरीक्षकाच्या नजरेने, एकेक शब्द तोलत. संपूर्ण. जिल्ह्यातील. त्यांनी सादर करावा.

तेरा जणांनी मिळून अख्खा जिल्हा तिच्या ओटीत टाकला होता, आणि जिल्ह्याची दक्षिण टोकाची बावीस गावं सावलीच्या पट्ट्यात होती.

तिने मुदत संपलेल्या काट्यांची यादी काढली. पट्ट्याच्या बरोबर मधे एका खडीच्या खाणीवर ट्रक तोलायचा वजनकाटा होता. दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता, कारण खाण होती श्रद्धेचा कायदा आणणाऱ्या मंत्र्यांच्या मेहुण्याची. तपासणीसाठी ऑफिसबाहेरचा एक साक्षीदार लागतो. त्या रकान्यात तिने लिहिलं, 'निवृत्त शिक्षक'.

साहेबांनी कार्यक्रम वाचला. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. "या काट्याला दुसरा दिवस नाही का?"

"हाच बरा, सर. मालक दारं लावून घरात असतील. फोनाफोनी करायला कोणी नसेल."

 साहेबांनी सही केली. "तपासणी खरी करायची," ते म्हणाले.

"खोटी मला येत नाही, सर."

त्या दिवशी ड्रायव्हरकाकांनी जीप खाणीवर आणली ती अकरालाच. मागे वीस किलोची दहा वजनं, पुढे बाबा, मांडीवर काच. काकांनी जीप बाभळीखाली लावली, काचा वर केल्या. "मी डोळे मिटून बसणार," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघतो. मास्तर, जपून."

ट्रक चढतो त्या लोखंडी प्लॅटफॉर्मच्या एकेका कोपऱ्यावर तिने दहाही वजनं नेऊन रचली. चार कोपरे, म्हणजे चाळीस वेळा उचलणं, घामाने निथळली. तीन कोपरे दोनशे दाखवत होते. ईशान्येचा कोपरा दोनशे वीस. ट्रकचं मागचं चाक त्याच कोपऱ्यावर यायचं. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा दोनशे वीस. नोंद केली तेव्हा एक वाजून नऊ मिनिटं झाली होती.

उजेड विचित्र झाला होता, जुन्या पितळेसारखा. बाभळीखाली पानांमधून पडलेले उजेडाचे ठिपके सगळे चंद्रकोरीच्या आकाराचे झाले होते. वजनं उतरवून ती आणि बाबा काट्याच्या रिकाम्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. तेवढीच एक सपाट जागा होती. पश्चिमेकडून खाणीच्या कड्यावरून सावली धावत आली.

"काच काढा, बाबा. आता नुसत्या डोळ्यांनी."

त्यांनी काच काढली. तिचा हात धरला. बरोबर एक सतरा बेचाळीसला सूर्याच्या जागी एक काळं भोक पडलं, आणि भोवती पांढरे केस पिंजारले. बाजूला भर दुपारी शुक्र. पाखरं गप्प. दोन्ही मिनिटांत बाबा एकदाच बोलले. "त्रेचाळीस पोरं होती गं," ते म्हणाले.

 सवयीने तिने काट्याच्या डब्यावरच्या लाल आकड्याकडे पाहिलं. दोघांचं मिळून शंभर. हा काटा वीसच्या पटीतच बोलतो. खरे एकशे तीन.

मग उजेडाचा एक थेंब सुटला आणि कुठलासा कोंबडा घाईघाईने आरवला. जीपची काच दोन बोटं खाली आली. "झालं?" काकांनी विचारलं.

"झालं, काका."

"बरं. चहा कुठे मिळतो का बघू."

बाबांनी साक्षीदाराचा रकाना भरायला दहा मिनिटं घेतली, फळ्यावरच्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल वाचला. मेहुण्याच्या काट्याला सील ठोकल्याबद्दल सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. चौथा वाजत होता. ते साक्षीदाराच्या रकान्यापाशी थांबले.

'काटा वीस किलोने चुकला. चंद्र चुकला नाही.'

"दुसरं वाक्य कामाशी संबंधित नाही," साहेब म्हणाले, आणि त्यावर लाल रेघ मारली. मग पेन तसंच धरून त्यांनी हळूच विचारलं, "कसं होतं?"

तिने तोंड उघडलं. आकडे सगळे पाठ होते. पण त्यातला एकही बाहेर आला नाही.

"बरं, बरं," साहेब म्हणाले, आणि फोन उचलला.

खात्याच्या नियमाप्रमाणे अहवालात काही खोडलं तर शेजारी खोडणाऱ्याची सही लागते, नाहीतर खोडलेला मजकूर कायम धरला जातो. साहेब बावीस वर्षं नोकरीत होते. अहवाल तिच्याकडे परत आला तेव्हा रेघेशेजारची जागा कोरी होती.

तिने तो तसाच फाईलला लावला.