टाकीतली लांडगीण

"घरात खोडरबर असेलच की," असं आमचे विभागप्रमुख मला म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खोडरबर! चाळिशी उलटल्यावर, घर-संसार सांभाळून, प्राण्यांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात मी डॉक्टरेट करायला बसले. विषय काय, तर रानातल्या लांडग्याच्या पुढच्या पायातल्या नसा आणि घरातल्या कुत्र्याच्या नसा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. नसा म्हणजे रक्ताच्या शिरा नव्हेत. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचवणारे पांढरे धागे. ते धागे चिमट्याने सोडवताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, जोरात शिंकलं की महिन्याचं काम गेलं. अंगाला फॉर्मालिनचा, मेलेलं शरीर टिकवायच्या औषधाचा, वास इतका मुरला होता की घरी मांजर जवळ येईना. एवढं सगळं करून काढलेली चित्रं हा माणूस मला खोडायला सांगत होता.

का? तर माझी एक फांदी त्यांना पसंत नव्हती. कुत्र्यात एका नसेतून निघून दुसरीला मिळणारी एक बारीक फांदी असते, कोपराच्या वर. माझ्या टेबलावर जे लांडगे आले, रस्त्यात गाडीखाली सापडलेले, वनखात्याने रीतसर पाठवलेले, त्या सगळ्यांत ती फांदी कोपराच्या खाली निघाली. जगातल्या यच्चयावत लांडग्यांचं मी बोलत नाही. मी जे पाहिलं ते काढलं, बस.

"पण मोठ्या सरांच्या पुस्तकात तसं नाही ना," विभागप्रमुख म्हणाले. "त्यांनी स्पष्ट लिहिलंय, या बाबतीत लांडगा आणि कुत्रा यांत तसूभरही फरक नाही. फांदी वर सरकवा आणि प्रबंध देऊन टाका. नाहीतर माझी सही होणार नाही."

या गृहस्थांना मुलं पाठीमागे होयबा म्हणतात, ते उगाच नाही. मोठे सर निवृत्त होऊन किती पावसाळे लोटले, तरी हे अजून त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलावतात. आणि मोठे सर म्हणजे कोण? माझे सासरे! त्यांच्या पुस्तकातल्या लांडग्याचं चित्र पाहून आमच्या किती पिढ्या पास झाल्या. म्हणजे घरीही तेच आणि कॉलेजातही तेच.

घरी जाऊन बाबांना विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्र खालीसुद्धा केलं नाही. "सूनबाई, नवख्यांचं असं होतं. तुझ्या चिठ्ठ्या बदलल्या असतील."

चिठ्ठ्या म्हणजे पायाला दोऱ्याने बांधलेली ओळख, कागदाची नाहीतर पितळी बिल्ल्याची. कातडं काढलं की कुत्रा आणि लांडगा ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. आमच्याकडे तर डोकी आधीच कवट्यांच्या संग्रहासाठी जातात, उरतं धड. तेव्हा चिठ्ठी म्हणेल तेच खरं. पण मी चिठ्ठ्या बदलल्या? मी? मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

"बाबा, तुमची लांडगीण अजून तळघरातल्या टाकीत आहे ना? मी तीच उघडून बघते."

"बघ की. पायातल्या नसा सोडवलेल्याच आहेत. पोटाकडे मात्र जाऊ नकोस, जुना नमुना आहे, फाटेल," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

ते पोटाचं त्यांनी का सांगितलं, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लांडगीण टाकीतून काढून टेबलावर घेतली. पायाला पितळी बिल्ला होता, त्यावर 'लांडगीण, रानात मृत सापडलेली'. पुढच्या पायात फांदी कोपराच्या वर, अगदी पुस्तकात होती तशी. मी हात टेकले. मग वाटलं, आता आलोच आहोत तर मागच्या पायाच्या नसाही बघाव्यात, आणि त्या कंबरेतून निघतात, म्हणजे पोटातूनच जावं लागतं. फाटलं तर फाटलं. पोट उघडलं.

गर्भाशय नव्हतं. जिथे असायला हवं तिथे दोन आखूड टोकं होती आणि दोन्हींना गाठी मारलेल्या. जांभळ्या दोऱ्याच्या. चांगला पिळाचा सुती शिवणाचा दोरा!

मी खोलीत एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, "कोणत्या रानात हो लांडगिणींची ऑपरेशनं करतात?"

फोटो काढले आणि तडक घरी आले. हात धुतले की नाही तेही आठवत नाही. बाबा हॉलमध्ये होते, आई म्हणजे सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. मी फोन बाबांच्या नाकासमोर धरला. "ही तुमची लांडगीण! पोटात शिवणाचा दोरा घेऊन रानात हिंडत होती! आणि खोडायचं मी?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्राणिसंग्रहालयातली असेल."

"बिल्ल्यावर तुम्हीच लिहिलंय, रानात मृत सापडलेली!"

तेवढ्यात आई दारात आल्या. "कसला दोरा?" त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग खुर्चीचा हात धरून हळूच बसल्या.

"हा माझा दोरा आहे," त्या म्हणाल्या. "पडद्यांचा. तुमच्याकडचा दोरा संपला होता, म्हणून मी माझ्या डब्यातून काढून दिला. पातेल्यात उकळून दिला. ठमीचे पाय मीच धरले होते, स्वयंपाकघराच्या टेबलावर."

ठमी म्हणजे या घरची कुत्री. मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधीची. तिचे किस्से मी इतक्या वेळा ऐकलेत की मला ती माझीच वाटते. चपला पळवणारी, आई रुसल्या की त्यांच्या पायावर येऊन पडणारी. म्हातारी होऊन गेली आणि मागच्या अंगणात झाडाखाली पुरली. आई रोज संध्याकाळी त्या झाडाखाली स्टूल टाकून बसतात. आम्ही चेष्टा करायचो, ठमीशी गप्पा झाल्या का म्हणून.

"अहो," आई म्हणाल्या, "झाडाखाली कोण आहे?"

बाबांनी चष्मा पुन्हा काढला.

"मी विचारतेय, झाडाखाली कोण आहे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "मला तुलनेसाठी कुत्रं हवं होतं. ठमी गेलीच होती. तू रडत होतीस, कसं सांगणार? नुसती माती ओढली. टाकीत ती होती, लांडगीण होती, मुलांच्या प्रॅक्टिकलची चार कुत्री होती. फॉर्मालिन बदलताना चिठ्ठ्या सुटल्या. मी अंदाजाने बांधल्या."

म्हणजे खरी लांडगीण पहिल्या वर्षाच्या मुलांनी कुत्रं म्हणून चिरून फेकली! आणि ठमीवरून पुस्तक निघालं! मी डोकं धरलं.

"शंका नाही आली?" मी विचारलं.

"आली होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणूनच पोट उघडलं नाही."

एक सुरी चालवली असती तर कळलं असतं, म्हणून चालवली नाही. आणि काल मला म्हणाले, नवख्यांचं असं होतं! माझ्या तोंडाशी जे आलं ते सासऱ्यांना बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून गिळलं. पण आईंना गिळायचं काही कारण नव्हतं.

"त्या तुमच्या होयबाला फोन लावा," त्या उठत म्हणाल्या. "सांगा त्याला, लांडगा कसा असतो ते तुम्ही कधी पाहिलंच नाही, हिने पाहिलंय. मी परत यायच्या आत. आणि तू चल, मला ठमी दाखव."

"आई, नका बघू. डोकं नाही, कातडं नाही..."

"चल म्हटलं ना."

कॉलेजात पोचल्यावर त्या थेट टेबलाजवळ गेल्या. मी हातमोजे पुढे केले. "घरच्यांना हातमोजे घालून हात लावतात का?" म्हणाल्या, आणि पुढचा पंजा तळहातात घेतला. मग ट्रेमधली कात्री उचलली, बिल्ल्याचा दोरा कापला आणि बिल्ला केराच्या बादलीत टाकला.

माझा फोन वाजला. होयबाच. "मॅडम, तुमची फांदी आहे तिथेच राहू द्या, मी सही करतोय. मोठ्या सरांशी बोलणं झालं. फक्त बिल्ल्यावरचं नाव तेवढं तसंच ठेवू, काय? सरांचा मान..."

"नाव आत्ताच केरात गेलं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. वाटलं, जिंकले. इतकी वर्षं पोटात साठलेला राग एकदम हलका झाला.

"आता हिला घरी नेऊ," आई म्हणाल्या. "झाडाखाली."

मी म्हणाले, "आई, तोंडी परीक्षा होईपर्यंत... हा पुरावा आहे. परीक्षक विचारतील. ही नसली तर माझ्या शब्दाला..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, झाडाखाली कोण आहे विचारताना बाबांकडे पाहिलं होतं तसंच.

"ठेव," त्या म्हणाल्या. "तुझी परीक्षा होईपर्यंत. पण त्याच्यापुढे एक दिवस नाही. फार राबवलीत गं तिला तुम्ही लोकांनी."

तुम्ही लोकांनी. ठमीला उचलून परत टाकीत ठेवलं, आणि झाकण लावायला आईंनी दुसरी बाजू धरली.